डीप क्लिनिंगनंतर फटी कशाने साफ कराल: छोटा ब्रश, फ्लॉस की पाण्याची धार?

पायोरियासाठी डीप क्लिनिंग (हिरडीखालचं किटण खरवडून काढणं) झालं की बऱ्याच जणांची तक्रार ठरलेली असते: "आधी दात जवळजवळ होते, आता फटी पडल्या." फटी क्लिनिंगने पडत नाहीत. सुजलेल्या हिरडीने आणि दातांवर चढलेल्या किटणाने ती जागा भरून गेलेली असते. किटण निघालं, सूज उतरली की आधीच झिजलेल्या हाडाची खरी पातळी दिसू लागते. आता या मोकळ्या जागेत रोज जंतूंचा चिकट थर साचणार, आणि नेहमीचा ब्रश कितीही महागाचा घेतला तरी तिथे पोचत नाही. म्हणून कुठली टूथपेस्ट घ्यावी यापेक्षा फटी कशाने साफ कराव्यात, हे आधी ठरवा.

उपचार झालेल्या बहुतेकांनी इंटरडेंटल ब्रश घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. बाटली धुवायच्या ब्रशचं हे पिटुकलं रूप: मधे बारीक तार, भोवती केस. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि दाढांच्या मुळांना बाजूने पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. फ्लॉसचा दोरा ताणला की तो पन्हळीच्या दोन्ही कडांवरून सरकतो आणि आतला थर तसाच राहतो. ब्रशचे केस मात्र आत शिरतात. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्याचा कलही फ्लॉसपेक्षा या ब्रशकडेच आहे, अर्थात उपलब्ध पुरावा फारसा भक्कम नाही हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

यात सगळं मापावर आहे. केस दोन्ही बाजूंच्या दातांना टेकले पाहिजेत, तार घासता कामा नये. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात, पुढे 0.4 मिलिमीटरची तार आणि दाढांमध्ये 0.7 ची, असंही होतं. मापांना रंग असतात, पण ते कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे पहिल्यांदा डेंटिस्टकडूनच फटी मोजून घ्या आणि ब्रश कसा घालायचा ते आरशात बघून शिका. जोर लावून घुसवू नका. जात नसेल तर लहान माप घ्या. सुरुवातीला थोडं रक्त येईल. ते सूज असल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरून ब्रश सोडू नका. रोज नीट सफाई करून दोन आठवड्यांनंतरही त्याच जागी रक्त येत असेल तर दाखवून या. आणि दाढांमधून काढलेल्या ब्रशचा एकदा वास घेऊन पाहा. घाण वास आला तर त्या फटीकडे दुर्लक्ष झालेलं आहे.

फ्लॉस टाकाऊ नाही. जिथे सर्वांत बारीक ब्रशही शिरत नाही, तिथे तोच हवा. अनेकांना पुढे फ्लॉस आणि मागे ब्रश असं दोन्ही वापरावं लागतं.

वॉटर फ्लॉसरची, म्हणजे फटींत पाण्याची धार मारणाऱ्या यंत्राची, जाहिरात जोरात असते. त्याने अडकलेलं अन्न निघतं, हिरड्यांतून येणारं रक्तही कमी होतं. पण चिकट थर घासल्याशिवाय पुरता सुटत नाही, आणि पाण्याची धार घासत नाही. ब्रिज, इम्प्लांट किंवा तारा बसवलेल्या असतील, किंवा संधिवाताने बोटं वळत नसतील, तर तो जरूर घ्या. बाकीच्यांनी ब्रशच्या जोडीला वापरावा, बदली म्हणून नको.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस वापरा. लांबवला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, आणि चहा पिणाऱ्यांचे डाग आणखी गडद होतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, थर मात्र निघत नाही.

घरात कुणी मशेरी लावत असेल, तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल, तर वरचं कुठलंही साधन अपुरं पडेल. तंबाखूमुळे जखम नीट भरत नाही. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून सगळं ठीक वाटतं आणि आत हाड झिजत राहतं. मधुमेह असेल तर साखरेकडेही तितकंच लक्ष हवं: वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं जड जातं.

हिरडीखाली जमून कडक झालेलं किटण घरच्या कुठल्याच साधनाने निघत नाही. सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. पुढचं अंतर हिरड्या बघून डॉक्टर वाढवतात. प्रत्येक वेळी पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचा, किती मिलिमीटर खोल आहेत ते विचारा. चारपेक्षा खोल पॉकेट असेल आणि तिथून रक्त येत असेल, तर त्या जागेवर पुन्हा उपचार लागू शकतो. पैशांची ओढाताण असेल तर वॉटर फ्लॉसर घेऊ नका, ते पैसे या तपासणीसाठी बाजूला ठेवा.