केळीच्या पानातून आरएनए काढायचं किट: स्नो-आरएनएवाल्यांनी घेण्याआधी वाचा

जळगावला पीएचडी करतेय, विषय केळीतले स्नो-आरएनए, म्हणजे रायबोसोमच्या आरएनएवर रासायनिक खुणा कुठे करायच्या ते दाखवणारे पेशीतले छोटे आरएनए. त्यासाठी 50 नमुन्यांचं कॉलमचं (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या छोट्या नळ्यांचं) किट मागवलं. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘टोटल आरएनए’ लिहिलेलं.

नावं ठेवण्याआधी चांगलं सांगते. काम तासाभरात उरकतं, फिनॉल-क्लोरोफॉर्मसारखी घातक रसायनं हाताळावी लागत नाहीत. पानं आमच्या रावेरच्या मळ्यातली. आप्पांनी पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत कापून दिली आणि मी जागेवरच द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये टाकली. जून पान घेतलं की पॉलिफिनॉलमुळे सगळं तपकिरी होतं, कॉलम तुंबतो. न उलगडलेली कोवळी सुरळी घेतली तर अडत नाही. जेलवर रायबोसोमच्या मोठ्या आरएनएचे, म्हणजे 25एस आणि 18एसचे पट्टे इतके स्वच्छ आले की सरांनी फोटो काढून ठेवला.

पण माझे स्नो-आरएनए काही सापडेनात. तीन आठवडे प्रायमर (हवा तो आरएनए शोधायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसले. शेवटी लहान आरएनए दाखवणारं युरिया-पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल लावलं, तर 5एस आणि टीआरएनए या नेहमी दिसणाऱ्या लहान आरएनएंची जागा कोरी! मग माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात दिसलं: 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या कड्या) लहान आरएनए कॉलमवर टिकत नाहीत.

हे डब्यावर लिहायला नको? स्नो-आरएनएचे दोन मुख्य प्रकार: सी/डी बॉक्सवाले बहुतेक 70 ते 100 न्यूक्लिओटाइडचे, एच/एसीएवाले थोडे मोठे, पण तेही बहुतेक 200च्या आतच. रायबोसोमच्या आरएनएशी सी/डीवाल्याची जोडी जुळली की डी बॉक्स या त्याच्यातल्या ठरावीक तुकड्यापासून मोजून पाचव्या जागी फायब्रिलारिन हे एन्झाइम मिथाइल गट बसवतं. एच/एसीएवाले स्यूडोयुरिडिनची (युरिडिनच्या बदललेल्या रूपाची) जागा दाखवतात. म्हणजे ज्या 25एसच्या पट्ट्याचं कौतुक झालं, त्याच्यावर खुणा कुठे करायच्या हे सांगणारेच मी बेसिनमध्ये ओतत होते. फार वाईट वाटलं. कंपनीला फोन केला, तर ‘मॅडम, पत्रकात दिलंय’ एवढंच उत्तर.

आता पहिल्या कॉलमखाली गळतं ते ठेवते, इथेनॉल साधारण 60 टक्क्यांपर्यंत वाढवते आणि दुसऱ्या कॉलमवर चढवते. परवा 5एसच्या खाली-वर बारीक पट्टे दिसले, डोळ्यांत पाणी आलं. पण नमुन्याला दोन कॉलम लागतात, 50चं किट 25मध्येच संपतं. पैशाचा हिशोब तसाच करा.

एमआरएनएचं (प्रथिनांचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएचं) काम असेल तर बिनधास्त घ्या. स्नो-आरएनए हवे असतील तर 200च्या खालचे धरतं का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.