समुद्राच्या आवाजाचा डेटा कुठं ठेवायचा: हार्डडिस्क, झेनोडो की क्लाऊड?

टिळकवाडीत आमच्या शेजारची पोरगी गोव्यात एमएससीला आहे, पाण्याखाली हायड्रोफोन (पाण्यातला माईक) सोडून डॉल्फिनचे आवाज टिपते, परवा चोर्ला घाट चढून सुट्टीला आली आणि म्हणाली काका एवढा डेटा ठेवू कुठं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी हिशोब. 96 किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाची 96 हजार मापं), प्रत्येक माप 16 बिटचं, एक चॅनल धरलं तर दिवसाला साधारण 16.6 जीबी, महिन्याला 500 जीबी. जागा वाचवायला एमपी3 करा म्हणणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका, एमपी3 माणसाच्या कानाला लागत नाही ते फेकून देतं आणि डॉल्फिनच्या क्लिकचा बराच भाग तर 20 किलोहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या कानाच्या मर्यादेच्या, वर असतो. त्यापेक्षा फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये करा, जागा वाचते आणि मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो.

हार्डडिस्क स्वस्त, आणि आमच्याकडं पावसात लाईट जा-ये करते तेव्हा 500 जीबी अपलोड करत बसण्यापेक्षा बरीच. पण एकच डिस्क म्हणजे काहीच नाही. माझ्या वडिलांची भजनं एकाच डिस्कवर होती, एका पावसाळ्यानंतर ती चालूच झाली नाही, तो आवाज गेला तो गेलाच. म्हणून दोन डिस्क, एक बेळगावात एक गोव्यात, आणि दर सहा महिन्यांनी लावून चेकसम (फाईल बदलली वा बिघडली का ते दाखवणारा आकडा) जुळतो का बघायचं. शेअरिंगला मात्र डिस्क निरुपयोगी, कुरिअर कुणाकुणाला करणार?

झेनोडो ही संशोधनाचा डेटा ठेवायची वेबसाईट, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची आहे, फुकट आहे, डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो त्यामुळं पेपरात संदर्भ देता येतो. तिथल्या एका नोंदीला 50 जीबीची मर्यादा, म्हणजे वेव्हमध्ये (न दाबलेल्या मूळ फाईलमध्ये) तीनच दिवस. सगळं नाही, निवडक तास तिथं.

क्लाऊडचं चांगलं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातली समुद्र संशोधन संस्था एमबारी, मोंटेरेच्या खाडीत जवळपास 900 मीटर खोल त्यांचा हायड्रोफोन जुलै 2015 पासून 256 किलोहर्ट्झवर ऐकतोय, महिन्याला 2 टीबीच्या आसपास, आणि ॲमेझॉनच्या ओपन डेटा योजनेत ते कुणीही उतरवून घेऊ शकतं. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी 16 आणि 2 किलोहर्ट्झच्या हलक्या कॉपीही ठेवल्यात, निळ्या देवमाशाचा आवाज 100 हर्ट्झच्या खालचा, त्याला 2 किलोहर्ट्झ भरपूर झालं की. पण स्वतःच्या खिशातून क्लाऊड घेतलं तर दर महिन्याला बिल, आणि ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारखं स्वस्त साठवण घेतलं तर फाईल परत मिळायला 12 तास थांबा, वर बाहेर काढायचे वेगळे पैसे. ग्रँट असेल तरच.

राहिली डेटा साठवायची चुंबकीय टेप, ती कॉलेजनं घेतली तर घ्या, ड्राइव्ह एकट्याला परवडत नाही.

तर तिला सांगितलं, फ्लॅकमध्ये पूर्ण डेटा दोन डिस्कवर, निवडक झेनोडोवर. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल: हायड्रोफोनची सेन्सिटिव्हिटी (किती आवाजाला किती सिग्नल देतो), गेन (सिग्नल किती पट वाढवला), खोली, अक्षांश-रेखांश, वेळ आयएसटी (भारतीय) की यूटीसी (जागतिक). सेन्सिटिव्हिटी आणि गेन नसेल तर आवाज खरंच किती मोठा होता हे पुढं कुणालाच काढता येत नाही. तिच्याकडं पहिल्या दोन महिन्यांचं गेन लिहिलेलंच नव्हतं, आता ती फील्डची वही शोधतेय.