तपकीर गल्लीतलं लॅपटॉप रिपेरिंग: निदान चोख, पावती मात्र मागून घ्या

पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूने चालत या आणि गल्लीत कोणालाही विचारा. पहिला मजला, पाटीवर नुसतंच ‘लॅपटॉप रिपेरिंग’.

मी पुस्तकांचं डीटीपी करते. टचपॅड बिघडला: क्लिक होईना, कर्सर आपोआप पळायचा. सर्व्हिस सेंटरने मशीन न उघडताच टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही बदलायला सांगितलं होतं. इथल्या दादांनी स्क्रू ड्रायव्हरही न उचलता लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. डुगडुगला.

“ताई, टचपॅडला काही झालेलं नाही. खालून बॅटरी फुगलीय, ती त्याला वर ढकलतेय.”

उघडून दाखवली तर सपाट असायचे ते सेल उशीसारखे टम्म! लिथियमच्या सेलमध्ये आत गॅस धरला की असं होतं म्हणे. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, आग लागू शकते. हे त्यांनी मला चांगलं दरडावून सांगितलं. नव्या बॅटरीवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि नोंदणी क्रमांक आधी माझ्याकडून वाचून घेतला, मगच बसवली. बिनशिक्क्याची स्वस्तातली मिळेल का, विचारलं. “मिळते की गल्लीत. मी लावत नाही.”

वायरलेस माउस अडखळायचा, तेही जाता जाता विचारलं. दादांनी विचारलं, डोंगल (माउसचा यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) कुठे लावता? मी म्हटलं, बाहेरच्या हार्ड डिस्कला लागून. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरींची खरखर निघते आणि माउसचे सिग्नलही त्याच पट्ट्यात असतात. डोंगल पलीकडच्या पोर्टात गेलं, माउस सुतासारखा सरळ. याचे पैसे घेतले नाहीत.

माझ्या आधी एक आजोबा काळी पडलेली स्क्रीन घेऊन बसले होते. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला तर पुसट चित्र दिसलं. बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेला होता, एवढंच. नातवंडांचे फोटो जागेवर आहेत हे कळल्यावर आजोबा चहा मागवा म्हणाले.

आता तक्रारी. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि बॅटरीची वॉरंटी त्या पावतीवरच. जिना अंधारा. फोन उचलत नाहीत. दुचाकी लावायला जागा शोधण्यापेक्षा मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जा. आपला चार्जर सोबत न्या, प्रत्येक पिनचा त्यांच्याकडे नसतो. फुगलेली बॅटरी घरी आणू नका, ते ई-कचऱ्यासाठी ठेवून घेतात.