सोळा हजारांचा काळा रंग

माझ्या मारुती जिप्सीच्या टाय रॉडच्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीच्या, एका नटात स्प्लिट पिनऐवजी (नट सुटू नये म्हणून घालतात ती) सायकलचा स्पोक होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या स्पोकामुळं उघडं पडलं.

गाडी २००२ची, जिप्सी किंग, तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन. मी ती २०११ मध्ये सेकंडहँड घेतली. बामणोलीकडच्या रस्त्यावर एकदा सायलेन्सर खडखडायला लागला म्हणून खाली वाकून बघितलं, तर सायलेन्सरचं काही नव्हतं, पण टाय रॉडच्या डाव्या टोकाच्या नटातली पिन गायब. नट अजून जागेवर होता हे नशीब. तिथल्या एका पोराच्या मोडक्या सायकलचा स्पोक पकडीनं तोडला, नटाच्या खाचेतून घालून पीळ दिला आणि घरी आलो. कराडात गेल्यावर बदलू म्हटलं, आणि विसरलो. आपण सगळेच असं विसरतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर स्टिअरिंग फारच ढिलं वाटायला लागलं. सरळ रस्त्यावरही हात सतत डावीकडं-उजवीकडं करावा लागायचा, आणि पन्नासच्या पुढं एखादा खड्डा लागला की पुढची चाकं क्षणभर थरथरायची. जिप्सी असणाऱ्यांना हे नवीन नाही. पुढं-मागं अख्खे एक्सल, चारही बाजूंना पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म निघतो, त्याला ड्रॅग लिंक ही दांडी, ड्रॅग लिंक एका चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसून वळतं तो भाग), आणि दोन्ही नकल जोडणारा टाय रॉड. दोन दांड्या, चार टोकं, चार बॉल जॉइंट, त्यांनाच एंड म्हणतात. त्याशिवाय दोन्ही नकलमध्ये वर-खाली किंगपिनची, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या पिनची, बेअरिंग. ह्या सगळ्यांचा थोडाथोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, एकत्र झाला की हातात तो मूठभर येतो.

कराडचा माझा नेहमीचा मिस्त्री मुलाकडं पुण्याला राहायला गेलाय. म्हणून कुणीतरी सांगितलं त्या मोठ्या शहरातल्या गॅरेजात गेलो. शहराचं नाव लिहीत नाही, गॅरेजचंही नाही. बाहेर चार जिप्सी आणि दोन जुन्या जीप उभ्या, भिंतीवर चिखलातल्या गाड्यांचे फोटो. मालक बोलायला गोड. गाडी रॅम्पवर घेतली, पोऱ्याला आत बसवून स्टिअरिंग हलवायला लावलं आणि मला खाली बोलावून प्रत्येक जॉइंटवर माझाच हात ठेवला. "बघा सर, लागतंय का हाताला?" लागत होतं. चारही एंड गेलेले, स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर गळलेला, किंगपिनलाही प्ले. निदान शंभर टक्के खरं होतं. आजही मी ते खरंच मानतो, आणि म्हणूनच पुढं शंका आली नाही.

काउंटरवर त्यानं चार डबे मांडले. कंपनीचे, एमआरपीच्या चिठ्ठीचे, पार्ट नंबर छापलेले. उघडून दाखवले. आत तेलकट पिशवीत नवे कोरे एंड. बरोबर किंगपिन बेअरिंगचे डबे आणि डॅम्पर. मी स्वतःला फार हुशार समजतो, त्यामुळं सगळ्या डब्यांचे फोटो काढले आणि वर सांगितलं, "जुने पार्ट मला परत पाहिजेत." तो म्हणाला, "का नाही सर, तुमचेच आहेत." संध्याकाळी या म्हणाला. मी दिवसभर शहरात कामं उरकली.

संध्याकाळी गाडी तयार. खाली वाकून बघितलं तर सगळी लिंकेज काळी कुळकुळीत, ग्रीस चमकतंय. डिकीत गोणपाटात गुंडाळलेले चार जुने एंड, चिखलानं माखलेले, बॉल खुळखुळ वाजणारे. बिल १६,४००. दहा हजार रोख दिले, बाकीचे त्यानं सांगितलेल्या नंबरावर यूपीआयनं. हातात जो कागद आला त्यावर वर 'एस्टिमेट' असं छापलेलं होतं. हे मला घरी येऊन चार महिन्यांनी कळलं.

गाडी चालवली आणि खूश झालो. प्ले गायब! स्टिअरिंग घट्ट, खड्ड्यात थरथर नाही. एकच गोष्ट खटकली. वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ यायला हवं, ते येत नव्हतं, हातानं परत आणावं लागत होतं. फोन केला. "सर, नवे एंड आहेत, टाइट असणारच. पाचशे किलोमीटर फिरवा, मोकळं होईल." नवे जॉइंट थोडे घट्ट असतात हे खरंच आहे. अर्धं खरं बोलणाऱ्याशी वाद घालता येत नाही.

दोन-अडीच महिने गेले. भाचीच्या साखरपुड्याला चिपळूणला निघालो. कराड, पाटण, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते, काही जाणवलं नाही. पोफळी मागं पडली, रस्ता सरळ झाला, साठच्या आसपास वेग, आणि एका मोरीवरच्या उंचवट्यावर पुढचं डावं चाक आदळलं. त्यानंतर जे झालं ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. दोन्ही चाकं भिंगरीसारखी डावी-उजवी फडफडायला लागली, स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतंय असं वाटायला लागलं, डॅशबोर्डवरचा मोबाईल उडून बायकोच्या मांडीत पडला. ती फक्त "अहो!" म्हणाली. ब्रेक दाबायचा मोह होतो, तो दाबायचा नसतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. तीसच्या खाली आल्यावर फडफड थांबली. समोरून ट्रक येत होता, तो बऱ्याच लांब होता. हीच फडफड अर्धा तास आधी, दरीच्या कडेला झाली असती तर काय, हा विचार मी त्या वेळी केला नाही. रात्री केला.

रखडत चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यापर्यंत आलो. तिथं एका चाचांचं छोटं गॅरेज आहे, पत्र्याची शेड आणि एक खड्डा, बस्स. मी सांगितलं, सगळं नवीन टाकलंय, तरी असं झालं. चाचा काही बोलले नाहीत. खड्ड्यात उतरले, केरोसिनचा बोळा घेऊन डाव्या टोकाचा नट पुसला, आणि खालून हाक मारली, "भाऊ, इकडं या. ह्या नव्या एंडमध्ये सायकलचा स्पोक कुणी घातला?"

काळ्या स्प्रेखाली माझा स्पोक जसाच्या तसा. माझ्या हातचा पीळसुद्धा ओळखू आला. तो जॉइंट बदलणं सोडा, त्याचा नटही कुणी हलवला नव्हता.

मग चाचांनी एकेक जॉइंट दाखवला. उरलेल्या तीनपैकी दोनांचे रबर बूट नवे होते, आत जुनाच बॉल आणि त्याभोवती ठासून भरलेलं ग्रीस. जाड ग्रीस भरलं की खुळखुळ काही दिवस दबते. तिसऱ्यावर फक्त रंग. किंगपिनच्या कॅपच्या बोल्टभोवती जुना लाल चिखल दगडासारखा बसलेला, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे तिथं कुणी गेलंच नव्हतं. नवा होता तो फक्त डॅम्पर.

"मग प्ले गेला कसा होता?" मी विचारलं. हा प्रश्न मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मी फसलो ते डब्यांना भुलून नाही, हाताला जाणवलेल्या फरकाला भुलून.

चाचांनी स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं एक स्क्रू असतो आणि त्याच्यावर लॉकनट. आतल्या दात्यांची पकड कमी-जास्त करायला. नटाचा रंग ताजा खरवडलेला होता. स्क्रू आवळला की बॉक्समधला प्ले जातो, एकूण प्ले कमी वाटतो, आणि जॉइंटांचा दोष झाकला जातो. पण नेमकं मधल्या जागेवर बॉक्स जाम धरतो, म्हणून वळणानंतर चाक सरळ येत नाही. वर आतले दाते खातात ते वेगळंच. आणि नवा डॅम्पर थरथर गिळतो. तो मुळात धक्का शोषायलाच असतो, झिजलेले जॉइंट सांभाळायला नाही. जॉइंट आणखी झिजले, डॅम्परच्या आवाक्याबाहेर गेले, आणि मोरीवर जे व्हायचं ते झालं. पाचशे-हजार रुपयांची मेहनत, एक डॅम्पर, दोन बूट आणि रंगाचा एक डबा. ह्याचे माझ्याकडून १६,४०० घेतले.

मला गोणपाट आठवलं. "पण जुने एंड तर त्यांनी परत दिलेत!" डिकीतून काढून चाचांपुढं ठेवले. त्यांनी कपाटातून एक नट काढला आणि एकेका एंडच्या आट्यांवर फिरवून बघितला. चारही एंडवर तो सरळ चढला. चाचा हसले. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणजे मधली दांडी फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. ड्रॅग लिंकचंही तसंच. चार एंड निघाले तर दोन सुलट्या आट्यांचे आणि दोन उलट्या आट्यांचे निघायला पाहिजेत. माझ्या गोणपाटात चारही सुलटे. "हे चार वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत, भाऊ. भंगारातून उचलून दिलेत." जुना माल मागणारा गिऱ्हाइक असतोच, हे त्या गोड मालकाला ठाऊक होतं. त्याच्यासाठी गोणपाट तयारच.

आणि ते फोटो? फोटो डब्यांचे होते. माल खरा होता, डबे खरे होते. फक्त ते काउंटरवरून गाडीपर्यंत गेले नाहीत. तो एकच संच त्यानं किती जणांना उघडून दाखवला असेल, देव जाणे. डुप्लिकेट माल ओळखायच्या युक्त्या सगळे सांगतात. इथं डुप्लिकेट काहीच नव्हतं. जिप्सी २०१९ पासून सर्वसामान्यांसाठी बनत नाही, मनासारखा मिस्त्री मिळत नाही, आणि जो "आमच्याकडं जिप्सीचंच काम असतं" म्हणतो त्याच्यापुढं आपण गळून पडतो.

आता मी गाडी देण्याआधी काय करतो ते सांगतो. प्रत्येक एंडवर, दांडीवर आणि नटावर मिळून जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ. मुलीची जुनी बाटली टूलकिटमध्येच आहे. एंड खरंच बदलला तर रेघ तुटणारच. दुसरं, एंड सोडवताना तिथंच उभा राहतो. त्याच्या बॉलचा दांडा उतरत्या आकाराच्या भोकात इतका घट्ट बसलेला असतो की पुलर लावावा लागतो किंवा आर्मच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी हातोडीचे सणसणीत ठोके द्यावे लागतात. तो आवाज चार वेळा यायला हवा. गाडी शांतपणे 'तयार' झाली असेल तर काही झालेलं नाही. आणि एंड बदलले की टो-इन, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडं किती वळलेली असतात ते, बिघडतंच, आटे कितीही मोजून बसवले तरी. म्हणून अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर मागायचा. मला नुसतं "केलंय सर" मिळालं होतं. रंगाचंही तेच. नट, पिन, ग्रीस निपल, सगळ्यावर एकसारखा काळा स्प्रे दिसला तर तो पुसून बघायचा, लाजायचं नाही.

किंगपिनसाठी चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. हे चाचांनी शिकवलं, फुकट.

त्यांनी गाडी चार दिवस ठेवून घेतली, बेअरिंग पुण्याहून मागवली, आणि आम्ही साखरपुडा करून एसटीनं कराडला आलो. बायको घाटभर बोलली नाही.

गॅरेजवाल्याला फोन केला तर आधी "रस्ते खराब आहेत सर", मग "पोऱ्यानं गडबड केली", मग फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बिल आहे का. तेव्हा त्या कागदावरचा 'एस्टिमेट' शब्द दिसला. जीएसटी नंबर नाही, सही नाही. पण यूपीआयची नोंद होती, डब्यांचे फोटो होते, आणि चाचांनी खड्ड्यात उभं राहून मोबाईलवर काढलेला स्पोकाचा व्हिडिओ होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, एवढं कळल्यावर वकील मित्राकडून नोटीस तयार करून स्पीड पोस्टानं पाठवली, सोबत व्हिडिओतला एक फोटो. आठव्या दिवशी सात हजार खात्यावर आले, न बोलता, न लिहिता. उरलेल्यासाठी तक्रारीचे कागद तयार करतोय.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू चाचांनी मूळ जागी आणला, तरी मधोमध अजून किंचित अडकतं आणि खालच्या सीलमधून तेलाचा थेंब येतो. तो अजून उघडायचाय.