नऊ महिने फोर्टात: ऑडिओ गाइड घेऊन केलेल्या पायी फेऱ्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी फोनवर ऑडिओ वॉकचं एक अ‍ॅप घेतलं, वर्षाची वर्गणी भरली आणि मुंबईच्या फोर्टचा भाग उतरवून घेतला. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडते, सीएसएमटीला उतरते आणि गेटवेपर्यंत चालत जाते. सतरा फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीनंतर लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता लिहिते आहे, कारण आता मला फोर्ट थोडा कळायला लागलाय आणि अ‍ॅपमध्ये काय राहिलंय तेही.

आधी चांगलं. ठरलेल्या जागी पोचलं की माहिती आपोआप सुरू होते. गटामागे धावायचं नाही, एशियाटिक ग्रंथालयाच्या तीस पायऱ्यांवर वाटेल तितका वेळ बसायचं. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलची मोडकळीला आलेली लोखंडी इमारत मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा ओलांडली असेन. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली, हे तिच्यासमोर उभं राहून ऐकताना मी वर बघत राहिले. सेंट थॉमस कॅथीड्रलचंही तसंच. हे चर्च १७१८चं. मुंबईतले जुने मैलाचे दगड इथून अंतर मोजून बसवलेले आहेत, हे कळल्यापासून परळ-दादरकडे गेले की माझी नजर ते दगड शोधते.

तक्रार इथून सुरू होते. अ‍ॅप एकेक इमारत सांगतं: बांधली कुणी, शैली कोणती, वर्ष कोणतं. दोन इमारतींच्या मधलं काही सांगत नाही. चार फेऱ्यांनंतर माझ्या डोक्यात नावांचा ढीग होता, पण शहर नव्हतं.

पाचव्या फेरीला बाबा आले. त्यांनी एकतीस वर्षं फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली. अजूनही ते 'कोटात जाऊ' म्हणतात. हुतात्मा चौकात त्यांनी माझ्या इअरफोनचा एक तुकडा स्वतःच्या कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "अगं, पण तट कुठून जायचा ते सांगतंय का हे?"

नव्हतं सांगत. मग त्यांनीच दाखवलं. कोट म्हणजे खरोखरचा किल्ला. पूर्वेला बंदर, बाकी बाजूंनी तट आणि तीन दरवाजे: उत्तरेला बझार गेट, पश्चिमेला चर्च गेट, दक्षिणेला अपोलो गेट. चर्च गेट होतं ते आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी आणि नाव पडलं आतल्या सेंट थॉमसवरून. तटाबाहेरची जमीन तोफांचा मारा अडू नये म्हणून मोकळी ठेवलेली. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला जाईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मोकळी जमीन आणि हाती पैसा! विद्यापीठ आणि हायकोर्ट जुन्या तटाच्या बाहेर, ओव्हल मैदानाच्या कडेला का उभे आहेत, ते तेव्हा लख्ख कळलं. राजाबाई टॉवरसाठी पैसे देणारे प्रेमचंद रायचंद याच कापसाच्या तेजीतले मोठे नाव. मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचं.

तेव्हापासून मी अ‍ॅपचा क्रम सोडला आणि तटाच्या क्रमाने चालते. के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची वाट. सेंट जॉर्ज रुग्णालयामागे फोर्ट जॉर्ज या जुन्या किल्ल्याचा एक तुकडा अजून उभा आहे. अ‍ॅपमध्ये त्याचं नावही नाही. बझार गेटकडचा उत्तर भागही अ‍ॅपने फार घाईत उरकलाय. कोटात देशी व्यापाऱ्यांची वस्ती याच बाजूला होती. १७०९ची बनाजी लिमजी अग्यारी इथलीच. पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, पण बाहेरूनही गल्लीचं जुनेपण जाणवतं. पाय दुखले की पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खायची आणि पुढे निघायचं.

दुसरी तक्रार मला जास्त लागते. फ्लोरा फाउंटनच्या १८६४च्या कारंज्यावर चार मिनिटं आहेत. शेजारच्या हुतात्मा स्मारकावर एक वाक्य. २१ नोव्हेंबर १९५५ला याच जागी संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शकांवर गोळीबार झाला. त्या गर्दीत माझे थोरले काका होते. ते घरी परतले, बरेच परतले नाहीत. मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी तिथे का उभे आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते एका वाक्यात कसं कळणार? मी कंपनीला दोनदा सविस्तर लिहिलं. पोच आली, बदल अजून नाही.

किरकोळ गोष्टी: चिंचोळ्या गल्ल्यांत जीपीएस भरकटतं, तेव्हा माहिती हाताने सुरू करावी लागते. तीन तासांत बॅटरी निम्मी होते. मराठी ट्रॅकची भाषा जड आहे, पण उच्चार स्वच्छ आहेत आणि बाबांना ऐकू येतो, म्हणून मी तोच लावते. पहिली फेरी रविवारीच करा, रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून चालता येतं. दुसरी मात्र कामाच्या दिवशी करा. दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून माणसांच्या लोंढ्यातून गेल्याशिवाय त्या सलग कमानी कशासाठी आहेत ते उमगत नाही. पावसात तर हमखास.

वर्गणी जूनमध्ये संपते. मी पुन्हा भरणार आहे. हुतात्मा चौकात मात्र आवाज बंद करते आणि बरोबर जो कोणी असेल त्याला काकांची गोष्ट सांगते.