फोटो एकाचे, बुकिंग दुसऱ्याचं, कॅमेरा तिसऱ्याच्या हातात

लग्नाच्या फोटोग्राफीतली फसवणूक होते बुकिंगच्या दिवशी आणि कळते लग्नानंतर काही महिन्यांनी. तोवर पैसे गेलेले असतात, अल्बमचा पत्ता नसतो आणि फोन बंद लागतो. लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून हा प्रकार आतून कसा चालतो ते नीट समजून घ्या.

या धंद्यात नुसती बुकिंग विकणारे लोक आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा नसतो, स्टुडिओ नसतो. असतं ते एक देखणं पान आणि त्यावर दुसऱ्यांचे उचललेले फोटो. काम पूर्ण दराने घ्यायचं आणि तारीख तोंडावर आली की पडेल त्या दरात फ्रीलान्सर शोधायचे, असा हा व्यवहार. काम दुसऱ्याला देण्यात मुळात गैर काही नाही. एकाच तारखेला दोन लग्नं आली तर चांगला फोटोग्राफरही ओळखीच्या माणसाला पाठवतो, पण ते आधी सांगतो. मध्यस्थ सांगत नाही आणि वर फ्रीलान्सरचेही पैसे बुडवतो. पैसे न मिळालेला फ्रीलान्सर फोटोंची मेमरी कार्डं दाबून ठेवतो. घरच्यांना मात्र 'एडिटिंग चालू आहे' हेच उत्तर मिळत राहतं. एडिट करायला मध्यस्थाकडे काहीच पोचलेलं नसतं.

फोटो कुणाचे आहेत हे तपासायला थोडा वेळ काढावाच लागतो. सर्च इंजिनात फोटोच टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे शोधलं तर मूळ मालक अनेकदा सापडतो, म्हणून चोर फोटो आडवा उलटून टाकतात, म्हणजे डावं उजवीकडे जातं. फोटो मोठा करून बघा: मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात का, पुरुषांच्या शर्टांची बटणपट्टी सगळ्यांचीच चुकीच्या बाजूला आहे का, घड्याळं सगळ्यांच्या उजव्या मनगटावर आहेत का. शंका आली तर फोटो पुन्हा उलटवून तोच शोध घ्या.

याहून पक्की परीक्षा म्हणजे एकाच लग्नाचे सगळे फोटो मागणे. पन्नास लग्नांतला एकेक निवडक फोटो दाखवणं सोपं असतं. एका लग्नाच्या चार-पाचशे फोटोंमध्ये अंधारा हॉल, पिवळ्या-निळ्या दिव्यांची सरमिसळ, तीस माणसांचा ग्रुप, रडणारं मूल हे सगळं येतं आणि हात किती बसलाय ते लगेच दिसतं. त्यातल्या दोन फोटोंची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली एडिट न केलेली मूळ फाइल, समोर बसून लॅपटॉपवर दाखवायला सांगा. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोची रॉ फाइल चोराकडे असूच शकत नाही. खरा फोटोग्राफर आढेवेढे न घेता दाखवतो. खोटा 'क्लायंटची प्रायव्हसी' पुढे करतो आणि वर त्याच क्लायंटचे फोटो जाहिरातीला वापरतो.

पैशांतही खुणा असतात. 'आजच पूर्ण रक्कम भरली तर मोठी सूट', खातं भलत्याच नावाचं, करार मागितला की नुसतं दरपत्रक. करारात कॅमेरा धरणाऱ्या माणसाचं नाव हवंच, आणि तो आजारी पडला तर कोण येणार हेही. किती एडिट केलेले फोटो, किती दिवसांत, अल्बमची पानं किती, छपाईआधी डिझाइन कोण मंजूर करणार, मूळ डेटा कुठे आणि कधीपर्यंत ठेवणार, हे लिहून घ्या. रक्कम तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा अल्बम हातात आल्यावरच. हा टप्पा नाममात्र असेल तर त्याचा काही उपयोग नाही. निदान पाव रक्कम तरी मागे राहायला हवी.

लग्नाच्या दिवशी अनोळखी माणसं आली, कार्यक्रम काय आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि ती एकमेकांनाही ओळखत नाहीत, तर तिथेच सावध व्हा. सरावलेली टीम सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घेते, कारण ती जुळली नाहीत तर नंतर दोन कॅमेऱ्यांचे फोटो क्रमाने लावताना हाल होतात. घाईत गोळा केलेल्या टीमला हे सुचत नाही. प्रत्येकाचं नाव आणि नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. पुढे गडबड झाली तर तीच यादी सर्वांत जास्त कामी येते.

डेटाबद्दल आधीच ठरवून ठेवा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची असते. दिवसभरात चार हजार फ्रेम झाल्या तर शंभर-सव्वाशे जीबी. शंभर मेगाबिट वेगाचा फोर-के व्हिडिओ तासाला 45 जीबी घेतो. म्हणजे एक टीबीची हार्ड डिस्क बहुधा पुरते. बरेच फोटोग्राफर रॉ फाइल देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अर्धवट काम आपल्या नावाने फिरलेलं कुणालाच नको असतं. पण दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात एका कार्डावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपेग, म्हणजे कुठेही उघडणारी लहान फाइल, अशी सोय असते. कार्यक्रम संपल्यावर निघण्याआधी त्या जेपेगची प्रत तुमच्या डिस्कवर उतरवून घ्यायची, असं करारातच लिहा. एवढ्या एका अटीने मध्यस्थाच्या हातातलं हत्यार गळून पडतं.

चौकशी धंद्यातल्या लोकांकडे करा. हॉलच्या 'शिफारस यादी'त नाव आहे एवढ्यावर जाऊ नका, अशा यादीत जागा पैसे देऊनही मिळते. मॅनेजरला विचारा, हा माणूस इथे किती वेळा आला आणि तो स्वतः आला होता का. मेकअप करणारे, सजावटवाले, अल्बम छापणारी लॅब यांना कोण नियमित काम करतो आणि कोण पैसे थकवतो हे माहीत असतं. लॅबवाल्याने नावच ऐकलेलं नसेल तर अल्बम कुठे छापतात हे त्या स्टुडिओला विचारा.

फसवणूक होऊन गेली असेल तर आधी फ्रीलान्सरना गाठा. त्यांना धमकावू नका, तेही फसलेले असतात. त्यांचं मानधन देऊन, लेखी पावती करून, डेटाची प्रत घेता येते, आणि तुमच्या तक्रारीला साक्षीदारही मिळतात. कार्ड फॉरमॅट झालं असेल तर त्यावर एकही नवा फोटो काढू देऊ नका. वर काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळतं. पाहुण्यांकडचे फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून मागवू नका, तिथे ते सहसा दाबून लहान होतात. मूळ फाइल क्लाउड फोल्डरमध्ये टाकायला सांगा. चॅट, पावत्या आणि त्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट बोलणी बिनसण्याआधीच साठवा, कारण तक्रारीची कुणकुण लागली की ते पान गायब होतं. बँकेला आणि पोलिसांना फसवणूक लक्षात आली त्याच दिवशी कळवा.