पुस्तक छापतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा, माझे 45,000 गेले

मी पुण्यात भाषांतरं आणि कंटेंट रायटिंग करून खोलीचं भाडं भागवतो. शब्दाला 40 पैसे, तेही महिनोन्‌महिने थकवतात, दिवाळी अंकवाले मानधनाऐवजी नुसता अंक पाठवतात. अशात एका प्रकाशकाचा मेसेज आला, तुमच्या कथा वाचल्या, पुस्तक करूया. कोण नाही म्हणेल?

पॅकेज 32,500 चं. 500 प्रती, सगळीकडे वितरण, 30 टक्के रॉयल्टी. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे 4,000, मग प्रमोशनचे 8,500. आईची एफडी मोडून दिले.

त्या 4,000 लाच कळायला हवं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही! आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, एक रुपया घेत नाही. आणि हा माणूस फोनवर म्हणतो, 'सरकारी फी आहे, माझ्या हातात नाही', मी लगेच जीपे केलं. पण पहिलंच पुस्तक असलेल्याला हे सांगतं कोण? कॉलेजात नाही, संमेलनात नाही. त्यामुळे मला मूर्ख म्हणू नका, गरज ओळखूनच हे लोक गाठतात. छापखान्याचं बिल आधी मागा, देत नसेल तर तिथंच थांबा.

हातात आल्या 60 प्रती, त्यातही पानं उलटसुलट बांधलेली. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारत फिरलो, कुणाकडेच पुस्तक नाही. रॉयल्टीचं विचारलं तर 'हिशोब मार्चएंडला', नंतर ब्लॉक.

चौकीत गेलो तर 'पुस्तक मिळालं ना? मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे'. सायबरवाले म्हणतात पैसे तुम्हीच पाठवले, चौकीत जा. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच मागितली तर एकजण सगळ्यांसमोर विचारतो, 'लेखक ते ठीक आहे, पण काम काय करता?' अरे पैसे गेलेत माझे, तक्रार लिहून घ्यायला काय जातं तुमचं?

करार नीट वाचा. प्रकाशकाला हक्क किती वर्षांसाठी दिले ती मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याने 5 वर्षं धरतात, माझ्यात 'कायमस्वरूपी' घातलंय, म्हणजे त्याच कथा आता दुसरीकडे द्यायच्या तर वकील गाठावा लागणार.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, 2 वर्षांच्या आत जावं लागतं. मी तक्रार टाकतोय. असेच पैसे दिलेले कुणी असाल तर चॅट डिलीट करू नका, पेमेंटचे स्क्रीनशॉट घेऊन मला मेसेज करा, एकत्र जाऊ.